दुसरी आली तिचं नाव ऑरोरा

माझ्या भाचीला वक्तृत्व स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. ताईने ढालीसकट तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले, आणि पाठोपाठ नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो मेसेज चिकटवला. तुमच्याकडेही तो येऊन गेला असणार. खाली त्यांची स्वतःची एकच ओळ होती: "पुढच्या वेळी पहिला नंबर हं बेटा." संध्याकाळी पोरीने आईला तो फोटो काढून टाकायला लावला.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा देते. १८५१ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने साऱ्या जगाला शर्यतीचं आव्हान दिलं. ब्रिटिश आरमाराच्या १४ बलाढ्य जहाजांसमोर 'अमेरिका' नावाची एकच छोटी होडी उतरली. राणीने दुर्बीणवाल्याला विचारलं, पहिला कोण? तो म्हणाला, "अमेरिका, महाराणी." आणि दुसरा? "महाराणी, दुसरा कोणीच नाही!" राणीची मान शरमेने खाली गेली. ती होडी पुढे आयुष्यात एकही शर्यत हरली नाही. त्या देशाच्या नावाने आजही अमेरिका कप खेळला जातो आणि इंग्रजांना तो अजून परत मिळालेला नाही. होडी अमेरिकेच्या नौदलाने आजही जपून ठेवली आहे. आणि मग तात्पर्य, ठळक अक्षरांत: जग पहिल्यालाच ओळखतं, दुसऱ्याला नाव नसतं.

आमच्या घरात मोठ्यांना ग्रुपवर उलट बोलायची पद्धत नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. राणीने कुणालाही आव्हान दिलं नव्हतं. त्या वर्षी लंडनला जगभरातल्या उद्योगांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्या निमित्ताने न्यू यॉर्कच्या जहाजबांधणीचा एखादा नमुना इकडे पाठवावा, अशी सूचना एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पत्रातून तिकडे गेली. न्यू यॉर्क यॉट क्लबचे अध्यक्ष जॉन कॉक्स स्टीव्हन्स यांनी पाच भागीदार जमवले आणि एक स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका, बांधायला टाकली. तीच 'अमेरिका'. इंग्लंडच्या रॉयल यॉट स्क्वॉड्रनचे प्रमुख लॉर्ड विल्टन यांनी स्टीव्हन्सना पत्र लिहून आदराने बोलावलं. शर्यत या स्क्वॉड्रनची होती, राणीची नव्हती आणि आरमाराची तर नव्हतीच. समोरच्या १४ नौका म्हणजे उमराव आणि पैसेवाल्या हौशी लोकांच्या खासगी यॉट. १४ हा आकडा मात्र बरोबर आहे. नावं १८ दिली गेली होती, सुटल्या १५, त्यातली एक 'अमेरिका'. एवढं श्रेय मेसेज लिहिणाऱ्याला देऊन टाकू.

'छोटी होडी' हे वाचून मात्र हसू आलं. 'अमेरिका'ची लांबी १०० फुटांहून थोडी जास्त आणि टनेज, म्हणजे नौकेच्या आकाराचं माप, १७०. समोरच्या १४ पैकी तिच्याहून मोठ्या चारच होत्या. सगळ्यांत मोठी 'ब्रिलियंट', ३९२ टनांची. सगळ्यांत छोटी 'ऑरोरा', ४७ टनांची. हा ४७ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आणि ही 'अमेरिका' गुपचूप आलेली बिचारी परदेशी पाहुणी नव्हती. आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझ बंदराकडे येताना वाटेतच 'लॅव्हरॉक' नावाची इंग्रज कटर (एका डोलकाठीची नौका) तिला सामोरी आली आणि दोघींची सहज म्हणून चढाओढ लागली. 'अमेरिका' तिला मागे टाकून बंदरात शिरली आणि पुढचे कित्येक दिवस स्टीव्हन्सशी पैज लावायला कुणी तयार होईना. त्यांनी १०,००० गिनींपर्यंत (गिनी हे जुनं इंग्रजी चलन) पैज लावायची तयारी दाखवली, तरी सगळे गप्प. लंडनच्या 'द टाइम्स'नेच आपल्या लोकांना टोमणा मारला होता: क्षितिजावर ससाणा दिसला की कबुतरांच्या आणि चंडोलांच्या थव्यात जी खळबळ उडते, तशी आपल्या यॉटवाल्यांची झाली आहे. इंग्रजांनी तिला गाफीलपणे कमी लेखलं, असं तर मुळीच नव्हतं.

तिच्या वेगामागे जादू नव्हती. तेव्हाच्या इंग्रज यॉटची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बोथट आणि रुंद, मागचा भाग निमुळता. आराखडा करणाऱ्या जॉर्ज स्टीअर्सने 'अमेरिका'ची नाळ पात्यासारखी बारीक ठेवली आणि रुंदी मध्यावर आणली. न्यू यॉर्कच्या बंदराबाहेर जाऊन येणाऱ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या वेगवान पायलट बोटी तो बांधत असे, तिथली ही अक्कल. शिडांचाही फरक मोठा होता. इंग्रजांची शिडं जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याची, सैल, पोट फुगलेली. कापडाच्या विणीतून वारा निसटू नये म्हणून खलाशी त्यांच्यावर बादल्यांनी पाणी ओतत. 'अमेरिका'ची शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची आणि खालच्या कडेने दांड्याला दोरीने ओवून घेतलेली. म्हणजे शीड फुग्यासारखं न फुगता ताणलेल्या चादरीसारखं सपाट राहतं आणि वाऱ्याविरुद्ध पुढे जाताना हाच फरक निर्णायक ठरतो. वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेला म्हातारा मार्क्विस ऑफ अँगलसी तिला बघून म्हणाला होता म्हणतात, "हिचं बरोबर असेल तर आपल्या सगळ्यांचंच चुकलंय." तिच्या बुडाखाली लपवलेला पंखा असणार अशीही कुजबुज काउझला होती. अफवा तेव्हाही पसरायच्या, फक्त जरा हळू.

आता तो संवाद. मेसेजचा जीवच त्यात आहे आणि खोटेपणाही तिथेच सगळ्यांत जास्त आहे.

२२ ऑगस्ट १८५१. सकाळी १० वाजता काउझहून सुटायचं, आइल ऑफ वाइट या बेटाला पूर्वेकडून पूर्ण वळसा घालायचा आणि परत काउझला यायचं. अंतर सुमारे ५३ सागरी मैल. तेव्हा नौका नांगर टाकून उभ्या असत आणि तोफ झाली की नांगर उचलून निघत. 'अमेरिका' आपल्याच नांगरावर चढली, शिडं खाली घ्यावी लागली आणि ती सगळ्यांच्या शेवटी निघाली. तिथून तिने एकेकीला गाठलं हे खरं, आणि कौतुकाचंही आहे. पण मेसेजमध्ये नसलेल्या आणखी गोष्टी त्या दिवशी घडल्या. 'फ्रीक' आणि 'व्होलांट' एकमेकींवर आदळल्या आणि व्होलांटचा पुढचा दांडा मोडला. 'ॲरो' बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जमिनीला लागली. तिच्या मदतीला 'अलार्म' गेली. अलार्म १९३ टनांची, इंग्रजांच्या उत्तम कटरपैकी एक. शर्यत सोडून अडकलेल्याच्या मदतीला गेली, हे मला तरी पहिल्या नंबराइतकंच मोठं वाटतं. ते असो.

आणि एक भांडण. बेटाच्या पूर्वेला नॅब नावाचं दीपनौकेचं ठिकाण होतं. नेहमीच्या शर्यतीत त्याला बाहेरून वळसा घालायचा असे. त्या दिवशी काहींना दिलेल्या शर्यतीच्या सूचनांच्या कार्डावर तसं लिहिलेलं होतं, तर काहींच्या कार्डावर नुसतं 'आइल ऑफ वाइटला वळसा'. 'अमेरिका' आतून गेली आणि तिचं चांगलंच अंतर वाचलं. ब्रिलियंटच्या मालकाने तक्रार नोंदवली. कार्डावरच गोंधळ आहे हे कळल्यावर त्याने ती मागे घेतली. फसवणूक कुणीच केली नाही, पण 'इतकी पुढे होती की कुणी दिसेना' यात या जवळच्या वाटेचा वाटाही आहे.

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास 'अमेरिका' बेटाच्या पश्चिम टोकाला नीडल्सच्या खडकांपाशी आली. राणी तेव्हा खरंच तिथे जवळच होती, 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' या आपल्या बोटीवर. 'अमेरिका'ने झेंडा खाली करून मुजरा केला, खलाशांनी टोप्या काढल्या. त्या क्षणी मागे दुसरी नौका नजरेच्या टप्प्यात नव्हती, ऑरोरा सात-आठ मैल मागे होती. म्हणजे कुणी त्या घटकेला "दुसरी कुठली दिसतेय का?" विचारलं असतं तर "नाही" हे उत्तर खरंच ठरलं असतं. अर्धसत्य आहे, मान्य करते.

पण शर्यत नीडल्सला संपत नव्हती, काउझला संपत होती. राणी ऑस्बोर्नला, आपल्या वाड्यावर परतली. त्यानंतर वारा पडला. ओहोटीचा प्रवाह अंगावर घेत 'अमेरिका' रेंगाळत पुढे सरकत राहिली. आणि मागून ४७ टनांची ऑरोरा वाऱ्याची झुळूक सोबत घेऊन येऊ लागली. 'अमेरिका' रात्री ८ वाजून ३७ मिनिटांनी पोचली. ऑरोरा तिच्यामागे किती मिनिटांनी आली, याचे आकडे वेगवेगळे सापडतात: कुणी ८ मिनिटं लिहितं, कुणी १८, कुणी विसाच्या वर. सगळ्यांत मोठा आकडा धरला तरी साडेदहा तासांच्या शर्यतीत अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. शिवाय मोठ्या नौकेने लहान नौकेला टनेजप्रमाणे वेळेची सूट द्यायची पद्धत तेव्हा होती, या शर्यतीपुरती ती लावलेली नव्हती. लावली असती तर निकाल मिनिटा-दोन मिनिटांवर आला असता. त्या रात्री 'बाकान्ते' आणि 'एक्लिप्स'ही आल्या आणि अगडबंब ब्रिलियंट तर मध्यरात्र उलटून गेल्यावर.

मग "दुसरा कोणीच नाही" हे आलं कुठून? 'द टाइम्स'च्या त्याच आठवड्यातल्या वार्तांकनातून. माझ्या या सगळ्या लिखाणाचा मोठा भार याच वार्तांकनावर आहे, कारण बातमीदार तिथे होता आणि मेसेज लिहिणारा नव्हता. त्यात असं आहे की काउझसमोर असंख्य यॉट जमल्या होत्या आणि अंधारात सगळीकडून एकमेकींना हाक ऐकू येत होती: "अमेरिका पहिली का?" उत्तर: "हो." "दुसरी कोण?" "कोणी नाही." बस. त्यात राणी नाही, दुर्बीणवाला नाही, "महाराणी" नाही, शरमेने खाली गेलेली मानही नाही. यॉटवरच्या लोकांनी अंधारात एकमेकांना मारलेल्या हाका होत्या त्या, आणि त्याही ऑरोरा पोचायच्या आधीच्या. पुढे कधीतरी कुणीतरी त्या हाका उचलून राणीच्या तोंडी घातल्या, नीडल्सचं दृश्य आणि काउझची रात्र एकत्र शिजवली आणि वाक्याला मुकुट चढला. तेव्हापासून लोक ते तसंच सांगत आलेत, अमेरिकन तर फारच प्रेमाने.

राणीच्या शरमेचं म्हणाल तर दुसऱ्याच दिवशी ती आणि प्रिन्स अल्बर्ट 'अमेरिका' बघायला आले होते. ज्याच्यामुळे मान खाली गेली त्याच्या घरी कुणी दुसऱ्या दिवशी चहाला जात नाही. असंही सांगतात की कप्तान रिचर्ड ब्राउनने अल्बर्टना आत शिरण्याआधी पाय पुसायला लावले. हा किस्सा फारच गोड आहे, म्हणून मी त्यावरही पूर्ण विश्वास ठेवत नाही.

यातलं सगळ्यांत घातक वाक्य म्हणजे 'दुसऱ्याला नाव नसतं'. नाव होतं. ऑरोरा. मालकाचंही होतं, ले मार्चंट. शर्यतीतली सगळ्यांत छोटी नौका, जिंकणारीच्या टनेजच्या जेमतेम चतुर्थांशाहून थोडी जास्त. आदळाआदळ नाही, जमिनीला लागणं नाही, तक्रार नाही. सकाळी १० वाजता निघाली आणि रात्री सगळ्या मोठ्या यॉट मागे सोडून, एका 'अमेरिका'च्या पाठोपाठ पोचली. ज्यांना पोरांना काहीतरी सांगायचंच आहे त्यांना सांगण्यासारखं हे होतं. पण ते कुणी पाठवत नाही, कारण त्यात डायलॉग नाही.

आता 'आयुष्यात एकही शर्यत हरली नाही'. इथे माझा संयम सुटतो, कारण ही नौका शर्यतीला निघायच्या आधीच हरली होती.

विल्यम ब्राउनच्या न्यू यॉर्कच्या गोदीत तिचं काम चाललं होतं. ठरलेली किंमत ३०,००० डॉलर आणि करार असा की नौका वेगवान निघाली नाही तर घ्यायचं बंधन नाही. तयार व्हायला उशीर झाला. मे १८५१ मध्ये ती पाण्यात उतरली. मग स्टीव्हन्सच्याच 'मारिया' नावाच्या यॉटबरोबर तिची चाचणी झाली आणि मारियाने तिला हरवलं. झालं, भागीदारांनी भाव पाडला. शेवटी २०,००० डॉलरमध्ये सौदा पटला. म्हणजे जगप्रसिद्ध अजिंक्य नौका हरली म्हणून एक तृतीयांश सवलतीत मिळाली होती. मेसेजमध्ये हे असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

मारिया उथळ पाण्यात धावायची खास यॉट होती आणि तिच्याने अटलांटिक ओलांडणं झालं नसतं, हे 'अमेरिका'च्या बाजूने सांगायला हवं. 'अमेरिका' स्वतःच्या शिडांवर २१ जूनला निघाली आणि सुमारे तीन आठवड्यांत फ्रान्सच्या ल हाव्र बंदराला लागली. हे काम मोठंच होतं. तिच्यावर स्टीअर्स स्वतः होता, त्याचा भाऊ जेम्स होता आणि जेम्सचा पोरगाही होता.

२२ ऑगस्टच्या विजयानंतर सहाच दिवसांनी आणखी एक शर्यत झाली, रेल्वेवाल्या रॉबर्ट स्टीफन्सनच्या 'टायटेनिया'शी. पैज १०० पौंडांची. 'अमेरिका' पाऊण तासाहून जास्त फरकाने जिंकली. हा तिचा खरा, निर्विवाद विजय. एकास एक, खुल्या पाण्यात. पण यात वाक्य नसल्यामुळे हा कुणाला माहीत नाही.

आणि मग? विजयी भागीदारांनी तिला घरी नेऊन आरती ओवाळली असेल, असं वाटतं ना? १ सप्टेंबरला, म्हणजे काउझच्या शर्यतीनंतर दहाच दिवसांनी, त्यांनी ती लॉर्ड जॉन द ब्लाक्विएर यांना ५,००० पौंडांना विकून टाकली. काउझच्या शर्यतीत मिळालेला चषक तेवढा घेऊन घरी गेले. खर्च वजा जाता त्यात थोडाफार फायदाच झाला.

पुढच्या वर्षी, जुलै १८५२ मध्ये, नव्या मालकाची 'अमेरिका' त्याच बेटावरच्या राइडला शर्यतीत उतरली आणि तिसरी आली. पहिली कोण आली? ॲरो. तीच ॲरो, जी आदल्या वर्षी जमिनीला लागून बाहेर पडली होती. दुसरी 'मॉस्किटो'. तिघींमध्ये फार फरक नव्हता, पण निकाल तोच. एका वर्षात इंग्रज शिकले होते. अलार्मच्या मालकाने तर आपल्या कटरची लांबी वाढवून तिची स्कूनरच करून टाकली. मान खाली घालून बसलेल्या लोकांचं हे लक्षण नव्हे.

तिची खरी कहाणी इथून सुरू होते आणि मेसेजमध्ये तिचा एक शब्दही नाही. १८५६ मध्ये ती एका व्हायकाउंटने, म्हणजे उमरावाने, घेतली आणि नाव बदललं: 'कॅमिला'. काउझला ती पडून राहिली आणि कुजायला लागली. टेम्सकाठच्या नॉर्थफ्लीटमधल्या एका जहाजबांधणाऱ्याने तिला विकत घेऊन तिची लाकडं बदलली. मग एका इंग्रज मालकाने तिला १८६१ मध्ये अमेरिकेत नेलं, तेव्हा तिथे यादवी युद्ध पेटलेलं. ती दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या हाती लागली. उत्तरेच्या नौदलाने किनाऱ्याची नाकेबंदी केली होती, ती चुकवून माल आणायला ही चपळ यॉट त्यांना सोयीची. १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजा फ्लोरिडात जॅक्सनव्हिलपर्यंत आल्या, तेव्हा ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून दक्षिणेच्या लोकांनी तिच्या बुडाला भोकं पाडली आणि सेंट जॉन्स नदीच्या डन्स क्रीक नावाच्या फाट्यात चिखलात बुडवली. ज्या नौकेचं नाव अमेरिका, ती अमेरिकेच्या आरमारापासून लपवण्यासाठी बुडवली गेली. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

उत्तरेच्या नौदलाने ती शोधली, उपसून वर काढली, जुनं नाव परत दिलं, तीन तोफा चढवल्या आणि चार्ल्स्टनच्या बंदराबाहेर नाकेबंदीच्या पहाऱ्यावर ठेवली. म्हणजे पूर्वी नाकेबंदी चुकवणारी आता नाकेबंदी राखायला. पुढे तिच्यावर नौदल अकादमीच्या मुलांना शिकवायला लागले.

८ ऑगस्ट १८७०. काउझला जिंकलेल्या त्या चषकासाठी, म्हणजे अमेरिका कपसाठी, पहिल्यांदा इंग्लंडहून आव्हान आलं, जेम्स ॲशबरीची 'केंब्रिया'. न्यू यॉर्कवाल्यांनी तिच्याविरुद्ध आपला अख्खा ताफा उतरवला आणि हौसेने नौदलाची म्हातारी 'अमेरिका'ही काढली. जिंकली 'मॅजिक'. 'अमेरिका' चौथी आली. स्वतःच्याच नावाच्या चषकात चौथी! केंब्रिया तिच्याही मागे राहिली, तेवढंच समाधान.

आता भराभर. 'देशाच्या नावाने अमेरिका कप': नाही. चषकाला नाव या नौकेवरून पडलं. भागीदारांनी तो वितळवून पदकं करायचाही विचार केला होता म्हणतात. १८५७ मध्ये तो न्यू यॉर्क यॉट क्लबला दिला, अट एवढीच की कुठल्याही देशाच्या क्लबने आव्हान द्यावं. चांदीचा उंच कलश आहे तो, आणि त्याला तळ नाही. जिंकून त्यात काही ओतून प्यायचीही सोय नाही.

'इंग्रजांना तो अजून परत मिळालेला नाही': हे खरं आहे, नाईलाजाने मान्य करते. २०२४ मध्ये बार्सिलोनाला ते अंतिम लढतीत न्यूझीलंडकडून ७-२ ने हरले. पण मेसेजवाल्याला जे सुचवायचं आहे, म्हणजे तो अमेरिकेकडेच आहे, ते खोटं. १९८३ मध्ये न्यूपोर्टजवळ 'ऑस्ट्रेलिया २' ने तो अमेरिकेच्या 'लिबर्टी'कडून ४-३ ने घेतला. १३२ वर्षं पहिल्या नंबरावर बसलेल्या क्लबची ती खुर्ची गेली, आणि त्यानंतर तो चषक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड असा फिरून आला आहे.

'नौदलाने आजही जपून ठेवली आहे': हे वाचून तर कपाळाला हात लावला. नौदलाने तिला १८७३ मध्ये ५,००० डॉलरला विकलं. घेणारे बेंजामिन बटलर, यादवी युद्धातले उत्तरेचे सेनापती. त्यांनी तिची डागडुजी केली, तिला पुन्हा शर्यतींना नेली, आणि १८९३ मध्ये ते गेल्यावर ती घरच्यांकडे उतरली. नंतर दुर्लक्ष. १९२१ मध्ये वर्गणी काढून तिला ॲनापोलिसच्या नौदल अकादमीला भेट दिलं. तिथे तिची देखभाल झालीच नाही. १९४० पर्यंत ती पार कुजली होती, म्हणून वर काढून एका शेडखाली ठेवली. मार्च १९४२ च्या हिमवादळात बर्फाच्या भाराने ती शेड तिच्यावरच कोसळली. १९४५ मध्ये उरलेलं सगळं मोडीत काढून जाळलं. जपून ठेवलं म्हणतात ते हे.

राहिला मेसेजसोबतचा फोटो. उंच एकच डोलकाठी, तिच्यावर टोकदार तिकोनी पांढरं शीड, कडेला वाकलेली सुंदर यॉट. ती १९३० च्या दशकातल्या बनावटीची आहे, 'अमेरिका' नव्हे. 'अमेरिका' स्कूनर होती, तिला मागे झुकलेल्या दोन डोलकाठ्या होत्या आणि शिडांचा वरचा कडा तिरक्या दांड्यावर चढवलेला असे. वडीलधाऱ्यांना इतकं सगळं वाचायला वेळ नसेल हे मी समजू शकते. मेसेज पुन्हा पाठवायचाच असेल तर निदान फोटोतल्या डोलकाठ्या मोजून पाठवा, आणि पाठवण्याआधी त्या ग्रुपवर कुणाचं दुसरं बक्षीस नुकतंच आलंय का तेवढं बघा.